बेळगावची पोरं बेंगळूरला पाठवायची की पुण्याला? सध्या कुठल्या कामाला खरंच मागणी आहे?

वडगावकर
नमस्कार मंडळी, घरात सध्या दोन पोरांच्या नोकरीचा विषय आहे आणि रोज जेवताना तोच वाद चाललाय म्हणून इथं विचारतो. भाचा येळ्ळूरचा, एसएसएलसी म्हणजे दहावी झाल्या झाल्या डिप्लोमाला गेलेला, मेकॅनिकल, शेवटच्या सेमची परीक्षा देऊन बसलाय. मुलगी माझी, बी.कॉम. शेवटचं वर्ष, मार्क चांगले आहेत आणि अकौंट्स तिला मनापासून आवडतं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं दोघांनाही पुण्याला पाठवा, आपली भाषा, आपली माणसं, राहायला कोथरूडला आत्या आहेच.

माझं मत वेगळं आहे. आपण बेळगावची माणसं शहर आधी ठरवतो, नातेवाईक कुठं आहेत ते बघतो आणि तिथं गेल्यावर मिळंल ते काम धरतो. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं अशीच गेली आणि वर्षानुवर्षं कॉन्ट्रॅक्टवर या कंपनीतून त्या कंपनीत फिरत राहिली, हातात एक धड कसब आलं नाही. मला वाटतं आधी उद्योग बघावा, कुठला वाढतोय आणि त्यातलं आपल्या पोराला काय येतं, मग तो उद्योग जिथं आहे तिथं जावं, पुणे असो बेंगळूर असो नाहीतर आपल्या बेळगावातलंच कारखान्यांचं उद्यमबाग असो. जे प्रत्यक्ष त्या कामात आहेत त्यांनी लिहा, ऐकीव नको.

मच्छेकर
वडगावकर काका, भाच्यापुरतं मी सांगू शकतो. मी बेंगळूरच्या पिण्या या कारखान्यांच्या भागात आहे, विमानाचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला, त्याआधी उद्यमबागेत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर होतो. आपल्याकडं बेंगळूर म्हटलं की फक्त आयटी डोळ्यासमोर येतं, खरं विमानं करणारी एचएएल १९४० पासून तिथं आहे, मग बीईएल, एचएमटी, आयटीआय या सरकारी कंपन्या आल्या, आणि त्यांच्या जिवावर पिण्या, बोम्मसंद्रा, जिगणी अशा भागात मशीन शॉपांचं, म्हणजे मशीनवर पार्ट करून देणाऱ्या छोट्या कारखान्यांचं जाळं झालं. ते जाळं आत्ता परत जोरात चाललंय. तेजसच्या ८३ लढाऊ विमानांची ऑर्डर २०२१ ला झाली, २०२५ ला अजून ९७ ची झाली, तुमकूरजवळ हेलिकॉप्टरची फॅक्टरी २०२३ ला सुरू झाली. ही विमानं काही एका छताखाली तयार होत नाहीत, हजारो पार्ट बाहेरच्या छोट्या-मोठ्या व्हेंडरांकडून येतात, आणि परदेशातल्या एअरबस बोईंगची कामं वेगळीच. देवनहळ्ळीला बोईंगचं मोठं सेंटर २०२४ ला झालं, ते मात्र इंजिनियरिंगचं ऑफिस आहे, डिप्लोमावाल्यानं तिकडं बघून उपयोग नाही. त्यानं व्हेंडरांकडं बघावं.

काय येत असलं पाहिजे ते सांगतो. नुसतं मशीनला जॉब लावून बटण दाबणारे भरपूर आहेत. ड्रॉइंग वाचता येणारा, जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या मर्यादांच्या खुणा) समजणारा, प्रोग्राम एडिट करणारा, फाइव्ह ॲक्सिस मशीन सेट करणारा, सीएमएमवर (प्रोब लावून बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर) मापणारा मिळत नाही. एक उदाहरण देतो. पार्ट मशीनवरून उतरवला की लगेच मापायचा नाही, सीएमएम रूम २० डिग्रीला असते, तिथं तो तासन् तास ठेवायचा मग प्रोब लावायचा. नवीन पोरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. ३०० मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा पार्ट ३५ डिग्रीला मापला तर साधारण ०.१ मिलीमीटर मोठा दिसतो आणि आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बऱ्याच वेळा त्याच्या निम्मापण नसतो. म्हणजे चांगला पार्ट रिजेक्ट होणार, नाहीतर वाईट पार्ट पास होणार, आणि दुसरं झालं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय प्रत्येक पार्टमागं कागद असतात, मटेरियल कुठल्या हीटचं (भट्टीतल्या कुठल्या बॅचचं), कुणी मशीन केलं, कुणी तपासलं. कागद चुकला तर पार्ट कितीही सुंदर असू दे, स्क्रॅप. या शिस्तीची सवय ज्याला लागली त्याला पुढं काम कमी पडत नाही.

पगार सुरुवातीला फार नाही, स्पष्ट सांगतो, आणि नाइट शिफ्ट असते. तीन-चार वर्षांनी फरक दिसायला लागतो.

देसूरचा
मी चाकणला काम केलंय म्हणून पुण्याची बाजू मांडतो. काम भरपूर आहे, चाकण, तळेगाव, रांजणगाव सगळीकडं गेटवर बोर्ड लागलेले असतात, तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला प्लांट ह्युंदाईनं घेतला, त्यामुळं त्या बाजूलापण हालचाल आहे. खरं तो बोर्ड नीट वाचा. बहुतेक ठिकाणी माणूस कंपनीचा नसतोच, कॉन्ट्रॅक्टरचा असतो. मी ज्या कंपनीत होतो तिथं सात महिने झाले की ब्रेक, परत दुसऱ्या नावानं जॉइनिंग, परत पहिल्यापासून ट्रेनी. लाइनवर एकच स्टेशन, तेच चार बोल्ट, तोच टॉर्क. पोरगं दोन वर्षांनी बाहेर पडलं तर बायोडेटात लिहायला काय आहे त्याच्याकडं?

पुणे वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. मेंटेनन्स, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), रोबोट वेल्डिंग, ऑटोमेशन यात ज्याला रस आहे त्याला पुण्याइतकी संधी दुसरीकडं नाही कारण गाड्यांचे एवढे कारखाने एका पट्ट्यात आहेत. डिझाइनची कामं करणाऱ्या कंपन्यापण तिकडं खूप. म्हणजे वडगावकर म्हणतात तेच, आधी काम ठरवा. आणि कुठंही गेलात तरी जॉइन व्हायच्या आधी तीन गोष्टी तोंडावर विचारा: रोल कुणाचा (कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा), पीएफ पहिल्या महिन्यापासून भरणार का, आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड कधी देणार. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडं जाऊच नका.

फौंड्रीवाले
मी उद्यमबागेतला, आमची फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना आणि छोटं मशीन शॉप आहे. सगळे पुणे-बेंगळूरवर बोलायलेत म्हणून लिहितो. आपल्या बेळगावात फौंड्री, हायड्रॉलिक्स, मशीनिंग हे तीन धंदे असे मुरलेत की परगावचे लोक इथं काम घेऊन येतात. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा, सगळीकडं शॉप आहेत. हत्तरगीला हायवेवर २००९ पासून विमानाच्या पार्टांचं सेझ (खास औद्योगिक क्षेत्र) आहे, २५० एकरांचं. म्हणजे मच्छेकर पिण्यात जे करालेत त्यातलं बरंच आपल्या हुक्केरी तालुक्यात होतंय, आणि आपल्या पोरांना त्याची माहिती नसते याचं मला फार वाईट वाटतं.

मी मालक असून सांगतो, आमचा पगार बेंगळूरपेक्षा कमी आहे. पोरगं आमच्याकडं दोन वर्षं राहतं आणि जातं. जाऊ दे, त्याचं भलं होऊ दे. खरं त्या दोन वर्षांत आमच्यात तो सेटिंग करतो, टूल घासतो, प्रोग्राम सुधारतो, कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेचं भोक) निघालं तर मोल्डरशी जाऊन भांडतो, डिस्पॅचचं चलनपण लिहितो. मोठ्या कंपनीत हे सगळं शिकायला दहा वर्षं लागतील कारण तिथं एका माणसाला एकच काम. त्यामुळं माझं मत असं की डिप्लोमा झालेल्या पोरानं आधी दोन वर्षं बेळगावात छोट्या शॉपमध्ये हात काळे करावेत, घरी राहून, भाडं नाही, डबा घरचा, आणि मग जायचं तिथं जावं. तेव्हा तो ट्रेनी म्हणून जाणार नाही, मशीन लावून देणारा सेटर म्हणून जाईल.

फौंड्रीचं मात्र वेगळं आहे. मोल्डिंग (साचे करणं), फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) आता स्थानिक पोरगं येतच नाही, बिहार ओडिशाची पोरं आहेत म्हणून भट्टी चालते. १४०० डिग्रीच्या पुढचा रस ओतायचा, उष्णता, धूळ, त्या मानानं पैसा नाही, मी पोरांना दोष देत नाही, आम्ही मालकांनीच शेड सुधारायला पाहिजेत. आणि इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर इंजिनच्या कास्टिंगवर जगणाऱ्यांना दुसरं काम शोधावं लागणार. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक्स, ट्रॅक्टर यांचं काम लगेच कुठं जात नाही. आम्ही त्याच बाजूला सरकतोय.

निपाणीकर
फौंड्रीवाल्या काकांशी सहमत. आमच्याकडची पोरं तर रोज कागलच्या एमआयडीसीला जाऊन येऊन करतात, सकाळी डबा घेऊन गेलं की संध्याकाळी घरात. पूर्वी निपाणीत तंबाखू आणि विडी याशिवाय दुसरं काय होतं? आता बायकासुद्धा विडीचं काम सोडून कंपनीच्या बसची वाट बघायलेत. खरं एक प्रश्न आहे, कर्नाटकात ते स्थानिकांना आरक्षणाचं बिल आलं होतं, त्यात आपण मराठी माणसं बसतो का? आमच्याकडं लई जणांना भीती आहे की बेंगळूरला गेलं आणि उद्या कायदा झाला तर आपल्याला बाहेरचं म्हणतील.

सीमाभाग
याबद्दल बऱ्याच अफवा फिरतात म्हणून सविस्तर लिहितो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या त्या बिलात खाजगी उद्योगांत मॅनेजमेंटच्या जागांवर ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर ७० टक्के स्थानिक घ्यावेत असं होतं. उद्योगांनी मोठा विरोध केला आणि एक-दोन दिवसांतच सरकारनं ते थांबवलं. मसुद्यात स्थानिक कोण, तर कर्नाटकात जन्मलेला, १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. दहावीच्या दाखल्यावर कन्नड एक भाषा म्हणून असली तर ठीक, नाहीतर परीक्षा द्यायची. म्हणजे बेळगावात मराठी शाळेत शिकून कन्नड विषय घेऊन एसएसएलसी झालेलं पोरगं त्या व्याख्येत सरळ बसतं. पुण्या-मुंबईहून आलेला माणूस बसणार नाही, तुम्ही बसता. घाबरायचं कारण नाही.

दुसरी बाजूपण पोरांना माहीत पाहिजे. महाराष्ट्र सरकारनं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसाला महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या वास्तव्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रातल्या इंजिनियरिंग प्रवेशालासुद्धा सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचा वेगळा प्रकार आहे. भरतीच्या जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात असते आणि आपली पोरं ती वाचतच नाहीत. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, त्यावर माझी भूमिका पक्की आहे, पण तोपर्यंत दोन्ही राज्यांत जे हक्कानं मिळतंय ते आपल्या मुलांनी घेतलंच पाहिजे.

भालकीकर
आमचा बीदर जिल्हा घटनेच्या कलम ३७१-जे मध्ये येतो म्हणून सरकारी नोकरीत कल्याण कर्नाटकाचं आरक्षण आम्हाला आहे. बेळगाव त्यात नाही, ते कित्तूर कर्नाटकात मोडतं. तुमच्याकडचे बरेच जण दाखला मिळतो का म्हणून विचारतात. नाही मिळत.

टिळकवाडी_सीएस
आयटीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मी व्हीटीयूचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर सायन्सवाला. दादा-काका लोकांनो, मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखाच्या आसपासच अडकलाय, आमच्या सीनियरच्या सीनियरांनासुद्धा तेवढाच होता. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणालाच झोप नव्हती. साधं टेस्टिंग, सपोर्ट, छोटं कोडिंग आता एआय करतंय. मागणी आहे, पण ज्याला खरंच येतं त्याला, कॉलेजचं नाव बघून शंभर-दोनशे पोरं एकदम उचलून न्यायचे ते दिवस गेले. ज्यांना कोडिंग आवडत नाही त्यांनी केवळ बेंगळूरला जायचं म्हणून यात पडू नये ही कळकळीची विनंती.

खानापूरची_लेक
वडगावकर काका, तुमच्या मुलीसाठी लिहिते. मी बी.कॉम.च आहे, बेंगळूरला व्हाइटफील्डजवळ एका परदेशी कंपनीच्या जीसीसीत अकौंट्समध्ये आहे. जीसीसी म्हणजे परदेशातली बँक, विमा कंपनी, दुकानांची साखळी आपली स्वतःची ऑफिसं इथं थाटते, काम बाहेर देत नाही. देशात अशी १७०० च्या वर सेंटर आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त बेंगळूरलाच. कर्नाटकानं नोव्हेंबर २०२४ मध्ये खास धोरण आणलं, २०२९ पर्यंत अजून ५०० आणायची म्हणून. बी.कॉम.च्या मुलींसाठी हे दार उघडं आहे हे आपल्याकडं कुणी सांगतच नाही, बँकेची परीक्षा नाहीतर टीचर, संपलं.

काम कसं असतं तर व्हेंडरचं बिल आलं की ते पर्चेस ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या पावतीशी जुळवायचं, तिन्ही जुळलं तरच पेमेंट. मी यातूनच सुरुवात केली. आता हे जुळवणं बरंच सॉफ्टवेअर करायला लागलंय, त्यामुळं मुलीला सांगा की नुसत्या बिल एन्ट्रीच्या कामात अडकू नकोस. रिकन्सिलिएशन (दोन ठिकाणचे हिशेब जुळवणं), महिनाअखेरचं क्लोजिंग, रिपोर्टिंग याकडं जा. एक्सेल पक्कं पाहिजे, एसएपी या सॉफ्टवेअरची तोंडओळख पाहिजे आणि फोनवर इंग्लिशमध्ये न अडखळता दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. आपल्या मराठी मीडियमच्या मुली हिशेबात कुठंच कमी नाहीत, मीटिंगमध्ये माइक अनम्यूट करायला घाबरतात, तेवढं सोडलं तर सगळं जमतं. सोबत सीएमए (कॉस्ट अकौंटंटचा कोर्स) नाहीतर सीए इंटर करत राहिली तर पगाराची उडी वेगळीच.

खर्चाचं सांगते. सुरुवातीला हातात वीस-पंचवीस हजार येतात असं धरा. पीजीत दोघींच्या खोलीत जेवणासकट आठ-दहा हजारांत भागतं, फ्लॅट घ्यायला गेलं तर मालक कित्येक महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स मागतात, पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका. पर्पल लाइन मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत आहे, म्हणून आत शहरात स्वस्तात राहून जाता येतं. अमेरिकेच्या वेळेचं काम असेल तर रात्री कॅब कंपनीनं द्यायची असते, इंटरव्ह्यूलाच विचारायचं, लाजायचं नाही. आणि काका, कन्नड येतं याचा मला जितका उपयोग झाला तितका कशाचाच नाही, पीजीवाल्या आंटीपासून ऑटोवाल्यापर्यंत. बेळगावच्या मुलीला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात, बेंगळूरला ती परकी नसते.

वडगावकर
ताई, तुमचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं, तिनं स्वतःच परत दोनदा वाचलं. तिच्या आईची काळजी रात्रीच्या शिफ्टची होती, कॅबचं ऐकून जरा निवळली. घरच्यांना दाखवायला एवढं बास आहे.

भाच्याचं अजून ठरत नाही. फौंड्रीवाले म्हणतात तसं दोन वर्षं इथं शिकायला मला पटतं, खरं त्याचे मित्र बेंगळूरला निघालेत आणि देवनहळ्ळीकडं फोनचा कारखाना झालाय तिथं भरती चाललीय म्हणून तोपण नाचायलाय.

मच्छेकर
काका, फोनच्या कारखान्यात, दोड्डबळ्ळापूर-देवनहळ्ळीचा फॉक्सकॉन असू दे की नरसापूरचा टाटा इलेक्ट्रॉनिक्स, माणसं खूप लागतात हे खरं आहे, महिला कामगार तर मोठ्या संख्येनं घेतात. ज्या घरात लगेच पैसा पाहिजे त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे, मी नावं ठेवणार नाही. खरं ते असेंब्लीचं काम आहे. मेकॅनिकल डिप्लोमा करून, मायक्रोमीटर हातात धरायला शिकून, त्यानं तिथं स्क्रू बसवत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याला दोन रस्ते सांगा. एक म्हणजे नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव घालून वर्षाची अप्रेंटिसशिप, एचएएल-बीईएलसारख्या सरकारी कंपन्या घेतात, स्टायपेंड कमी असतो पण तो कागद पुढं वजन देतो. दुसरा म्हणजे फौंड्रीवाले काका म्हणतात तसं उद्यमबागेत शॉपला लागायचं आणि संध्याकाळी सीएनसी प्रोग्रामिंग नाहीतर सीएमएमचा कोर्स करायचा. उद्यमबागेतच जीटीटीसी हे सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर आहे, तिथं जाऊन आत्ता कुठले शॉर्ट टर्म कोर्स चालू आहेत ते विचारावं. आमच्या कंपनीत टूल अँड डायचा त्यांचा डिप्लोमा केलेली पोरं आहेत, कामाला एकदम तयार असतात.

फौंड्रीवाले
वडगावकर, पोराला सोमवारी शॉपवर पाठवा, सकाळी आठला. घेतोच असं आत्ताच सांगत नाही, आधी व्हर्नियर आणि एक ड्रॉइंग हातात देऊन बघतो. घेतलं तर पीएफ पहिल्या महिन्यापासून, आणि कोर्सला जायच्या दिवशी पाचला सोडणार. मशीनच्या ऑपरेटरकडून महिनाभर शिव्या खायची तयारी ठेव म्हणावं, आमच्याकडं शिकवायची पद्धत तीच आहे आणि त्या माणसानं तयार केलेली पोरं आज हत्तरगीत आणि बेंगळूरला सेटर आहेत.

वडगावकर
पाठवतो. बरोबर काय काय द्यायचं त्याच्याकडं?

फौंड्रीवाले
एसएसएलसीचं मार्क्सकार्ड, आत्तापर्यंतच्या सगळ्या सेमची मार्क्सकार्डं, आधार, दोन फोटो. आणि सेफ्टी शूज नसतील तर घेऊन ये म्हणावं, चपलेवर आत सोडत नाही.